बारा आत्मकथने आणि एक गोधडी

वाचनाचा नेम धरण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. श्रावणात पोथी लावणारी, चातुर्मासात ठरावीक ओव्या वाचल्याखेरीज जेवायला न बसणारी माणसे आपल्या आजी-पणजीच्या पिढीत घरोघर असत. अलीकडे त्या नेमाची जागा ‘वर्षात पन्नास पुस्तके’ अशा पैजांनी घेतली आहे. पोथी दरवर्षी तीच असे. ती वाचून ‘उरकण्याचा’ प्रश्नच नव्हता. पैजेत मात्र पुस्तक हाती घेतले जाते तेच मुळी संपवण्यासाठी, आणि मग जाड पुस्तके आपोआप मागच्या रांगेत जातात. आकड्याला भूक फार असते. असो.

आम्ही म्हणजे दोघी, नणंद आणि भावजय. एक महाविद्यालयात मराठी शिकवते, दुसरी शिकवून निवृत्त झाली. गेली काही वर्षे आम्ही आकडा बाजूला ठेवून एकेक सूत्र धरून वाचतो. एक वर्ष प्रवासवर्णनांचे झाले, एक वर्ष १९०० पूर्वीच्या गद्याचे. वेळ रात्रीची, जेवणे आटोपल्यावरची. एकीने मोठ्याने वाचायचे, दुसरीने हातातले काम करीत ऐकायचे, आणि घसा दुखू लागला की पाळी बदलायची. मोठ्याने वाचल्याने पुस्तके कमी होतात हे खरे. पण डोळ्यांनी वाचताना ज्या वाक्यांवरून आपण घसरून पुढे जातो, ती वाक्ये कानाला सोडीत नाहीत.

ज्या वर्षाविषयी लिहायचे आहे त्या वर्षी सूत्र होते स्त्रियांची आत्मकथने, आणि हातातले काम होते गोधडी. महिन्याला एक याप्रमाणे बारा पुस्तके ठरली. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०), पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८), १९३४ पासून भागांनी निघालेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४), हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०), कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१), ‘मी दुर्गा खोटे’ (१९८२), मल्लिका अमरशेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४), शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (दोन्ही १९८६), सुनीताबाई देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) आणि उर्मिला पवारांचे ‘आयदान’ (२००३). क्रम प्रसिद्धीच्या सालाचा. वाङ्मयाचा इतिहास शिकवणाऱ्यांना दुसरे काय सुचणार!

बारापैकी बहुतेक पुस्तके दोघींचीही पूर्वी वाचून झालेली होती. परंतु वाचलेले पुस्तक आणि शेजार मिळालेले पुस्तक यांत फरक पडतो. पहिल्या चार महिन्यांतच सर्वनामांनी आमचे लक्ष वेधून घेतले. रमाबाई ‘आमच्या’ म्हणतात आणि त्या ‘आम्ही’त पती पुढे, आपण मागे अशी त्यांची मांडणी आहे, न्यायमूर्ती १९०१ मध्ये गेले आणि आठवणीही तिथेच थांबतात. पार्वतीबाई आणि आनंदीबाई या दोघी सख्ख्या बहिणी, आणि दोघींच्या शीर्षकांत ‘माझी’, ‘माझे’ आहे. महर्षी कर्व्यांसारख्या माणसाच्या सावलीत राहून पत्नीने आपल्या पुस्तकाला ‘माझे पुराण’ म्हणावे, हे आम्हांला त्या पुस्तकातल्या कुठल्याही प्रसंगाइतकेच धीट वाटते. ते एक पाऊल पुढचे म्हणावे तर १९४५ साली लीलाबाई पटवर्धनांचे ‘आमची अकरा वर्षे’ येते, माधव जूलियनांच्या सहवासाचे, आणि पुन्हा दोघांचे ‘आम्ही’ परत येते. (ते आमच्या बारांत नव्हते, पण शेजारच्या घरात डोकावायला बंदी थोडीच आहे.)

मग १९८६ मध्ये आणखी एक ‘आमुचं’ भेटते, आणि हे सर्वनाम पार निराळे आहे. बेबीताईंच्या ‘आम्ही’त पती-पत्नी नाहीत, महारवाड्यातली सगळी माणसे आहेत; आणि जिथे त्या एकट्या स्वतःविषयी बोलतील अशी आपली अपेक्षा असते तिथेही त्या वस्तीविषयीच बोलतात. रमाबाईंचे ‘आमच्या’ स्वतःला आडोसा देते. बेबीताईंचे ‘आमुचं’ आडोसा काढून टाकते. एकच सर्वनाम, पण अभ्यासक्रमात ही दोन पुस्तके शेजारी येत नाहीत. एक ‘स्त्री-आत्मचरित्र’ या घटकात, दुसरे ‘दलित आत्मकथन’ या घटकात, आणि मध्ये सत्रान्त परीक्षा. विद्यार्थी दोन्हींवर उत्तरे लिहितो. पण एकाने दुसऱ्याला काय विचारले असते, हे त्याला कधी ऐकू येत नाही.

गोधडीचे काम याच सुमारास कापड जुळवण्यापाशी आले होते. खाली नऊवारी लुगडे, पोटात दोन जुनी सुती पातळे आणि वर तुकडे. टाके घालण्यापूर्वी तुकडे जमिनीवर मांडून पाहावे लागतात. काठाचा तुकडा काठालगत आला तर दोन्ही फिके पडतात. त्या मांडामांडीतच पुस्तकांच्या नावांच्या बारा चिठ्ठ्या करून त्याही जमिनीवर मांडाव्यात असे सुचले, आणि या खेपेस क्रम घेतला तो लेखिकांच्या जन्माचा.

चित्र लगेच हलले. पार्वतीबाई धाकट्या, आनंदीबाई थोरल्या. पण धाकटीचे पुस्तक सोळा वर्षे आधी आले. हंसा वाडकर आणि शांताबाई कांबळे या जवळपास एकाच वेळी जन्मलेल्या बायका. एकीची हकीगत ‘माणूस’मधून क्रमशः आली, अरुण साधूंनी तिला शब्दरूप दिले, १९७० मध्ये पुस्तक झाले आणि १९७७ मध्ये श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ तिच्यावरून निघाला. दुसरी आयुष्यभर शाळेत शिकवीत राहिली, निवृत्तीनंतर लिहू लागली, आणि तिचे पुस्तक यायला १९८६ उजाडले. सुनीताबाईही याच पिढीतल्या. त्यांचे १९९० मध्ये आले. उलट मल्लिका अमरशेख या बाराजणींत सर्वांत तरुण, आणि त्यांचे पुस्तक शांताबाईंच्या आधीचे. प्रसिद्धीचा क्रम आपण काळाचा क्रम म्हणून शिकवतो. प्रत्यक्षात तो कुणाच्या हाती कागद आधी आला याचा क्रम असतो. एवढी साधी गोष्ट दिसायला बारा चिठ्ठ्या आणि एक सतरंजी पुरली.

उरलेले महिने आम्ही या दुसऱ्या क्रमाने वाचले आणि पहिल्यातली दोन पुस्तकेही पुन्हा घेतली. महिने बारांचे चौदा झाले. पैज असती तर हरलो असतो.

‘जिणं आमुचं’ वाचतानाच्या रात्री शिवण फारसे पुढे गेले नाही. फलटणला बेबीताईंचे लहानसे वाणसामानाचे दुकान होते. बांधणीसाठी आलेल्या रद्दी वर्तमानपत्रांतून त्यांचे वाचन चाले, आणि लिखाण कितीतरी वर्षे घरात नवऱ्यापासून लपवलेले होते. मॅक्सीन बर्नसन यांच्या आग्रहावरून ते ‘स्त्री’ मासिकातून बाहेर आले. इथे एक मोह होतो, आणि वर्गात आम्ही तो वारंवार पाहिला आहे: रमाबाईही घरातल्या बायकांचा रोष सोसून शिकल्या, बेबीताईही लपवून लिहीत होत्या, तेव्हा दोघींचे दुःख एकच. ते एकच नाही. रमाबाईंचा शिक्षक घरातच होता आणि तो उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला. विरोध करणाऱ्या बायकांनाही त्याच्यापुढे मर्यादा होती. शिवाय रमाबाईंच्या पुस्तकातले घर ज्यांच्या कष्टांवर उभे असते, ती माणसे त्या पुस्तकात जेमतेम दिसतात. बेबीताईंचे पुस्तक शेजारी ठेवले की त्या मोकळ्या जागा दिसू लागतात. स्त्रियांचे म्हणून बारा पुस्तके एकत्र आणण्याचा लाभ आम्हांला साम्यापेक्षा या फटींतच अधिक झाला असे म्हणावे लागेल.

आणि ‘आयदान’ने तर आमच्या हातातल्या कामालाच प्रश्न विचारला. आयदान म्हणजे बांबूच्या कामट्यांपासून विणलेल्या सुपे-टोपल्यांसारख्या वस्तू. उर्मिलाताईंची आई त्या विणून घर चालवीत होती, आणि आपल्या लेखनाचा त्या विणण्याशी असलेला आतला धागा लेखिकेने शीर्षकातच ठेवला आहे. आज रोजच्या जगण्यातली सर्जनशीलता वगैरे शब्द फार प्रेमाने वापरले जातात. भरतकाम, गोधड्या, टोपल्या यांची प्रदर्शने भरतात. त्या बाईला कुणी ‘तुम्ही छान काही सर्जनशील करता’ असे म्हटले असते तर तिने हातातली कामटी खाली ठेवली नसती एवढे नक्की. ज्या घरात पांघरायला दुसरे नव्हते त्या घरची वाकळ आणि आमची रंग जुळवून शिवलेली गोधडी यांचा टाका एकच, धावदोऱ्याचा. गरज मात्र एक नव्हे. आमच्यातल्या धाकटीचे म्हणणे असे की मग गोधडीला हौस म्हणावे आणि मोकळे व्हावे. थोरलीचे म्हणणे, हौस म्हटले की काम हलके होते; काम म्हणावे आणि ते नीट करावे. हा वाद ‘आयदान’च्या शेवटच्या पानापर्यंत पुरला, आणि त्या भरात एका बाजूचे टाके बरेच लहान पडले आहेत.

दुसरा वाद अजून चालू आहे. १९७० सालीच आलेले, १९७२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या सूत्रात बसते की नाही? त्यात लेखिका सतत आहे, पण पुस्तक तिचे नाही, वारल्यांच्या लढ्याचे आहे. धाकटी म्हणते, ते आत्मचरित्र नव्हे. थोरली म्हणते, ‘जिणं आमुचं’ वस्तीचे असून आत्मकथन ठरत असेल, तर हे का नाही? धाकटीचे उत्तर: बेबीताई त्या वस्तीत जन्मल्या, गोदावरीबाई तिथे गेल्या. यावर थोरलीला अद्याप उत्तर सुचलेले नाही, पण तिने तेराव्या चिठ्ठीवर नाव लिहून ती शिवणाच्या टोपलीत ठेवली आहे. गोधडीच्या मधल्या चौकातले टाकेही अजून घालायचे आहेत.