ब्रेकवरची माणसे

माथेरानच्या गाडीत मी पहिल्यांदा बसलो तो १९९० साली, दिवाळीच्या सुट्टीत. आणि बसल्याबसल्या माझा हिरमोड झाला. अण्णांनी घरी वर्णन केले होते ते धापा टाकणाऱ्या, धुराचे लोट सोडणाऱ्या इंजिनाचे. नेरळला पुढे जोडले होते डिझेलचे. वाफेची इंजिने काही वर्षांपूर्वीच निवृत्त झाली होती. मी दहा वर्षांचा होतो. फसवले गेल्याचे दुःख त्या वयात फार मोठे असते.

अण्णा मात्र रंगात आले होते. दोन फूट रुंदीची ही वाट सर आदमजी पीरभॉय यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन यांनी, १६ लाख रुपये खर्चून १९०७ साली पुरी केली. डोंगर सरळ चढू देत नाही, म्हणून गाडी वीस किलोमीटर वळसे घेत जाते. वळणे इतकी अवघड की, जुन्या इंजिनांच्या चाकांचे आस थोडे बाजूला सरकतील असे मुद्दाम घडवले होते. वॉटर पाइप स्टेशनात इंजिन पोटभर पाणी पीत असे. वाटेत बोगदा एकच. त्याला ‘वन किस टनेल’ का म्हणतात, हे मी विचारले तेव्हा अण्णांना एकाएकी खिडकीबाहेर माकड दिसले.

परतताना मला एक माणूस दिसला. दोन डब्यांच्या मधल्या जागेत तो बसला होता. इंजिनाची शिटी झाली की दोन्ही हातांनी ब्रेक आवळायचा, पुन्हा शिटी झाली की सैल सोडायचा. वाटभर त्याचे तेच चालले होते.

“हा काय करतो, अण्णा?”

“हा आपल्याला घरी पोचवतो. चढायला इंजिन लागते. उतरायला ही माणसे लागतात.”

मला ते पटले नाही. माझे सारे लक्ष इंजिनाकडे होते.

पुढे बाविसाव्या वर्षी पहिल्या कादंबरीचे बाड काखोटीला मारून, शाळेतली नोकरी सोडून मुंबईला जायचे मी ठरवले. मॅट्रिकवर थांबलेल्या मुलाला ती नोकरी कशी मिळाली होती, हे अण्णांनाच ठाऊक. ते म्हणाले, “लिही. पण नोकरी ठेवून लिही.” मी गेलो नाही, पण वर्षभर त्यांच्याशी धड बोललोही नाही. ज्या प्रकाशकाच्या भरवशावर मी निघालो होतो, त्याने त्याच वर्षी दुकान गुंडाळले. ती बातमी आली त्या रात्री ‘मी सांगत नव्हतो का?’ असे म्हणायची केवढी संधी अण्णांना होती! त्यांनी आईला एवढेच सांगितले, “त्याला अजून थोडी आमटी वाढ.”

आभार मानायचे तेव्हा राहून गेले, ते राहूनच गेले.

मे २०१६ मध्ये डबे घसरले आणि गाडी बंद झाली; पुन्हा सुरू झाली ती हवेचे ब्रेक लावून. २०१९ च्या पावसाने वाटच उखडून टाकली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती पुन्हा नेरळहून वर जाऊ लागली, तेव्हा मी अण्णांना घेऊन गेलो. बरोबर माझा मुलगा. आदल्या दिवशी मी त्याला कशाला तरी ‘नाही’ म्हटले होते, म्हणून तो दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसलेला.

उतरताना अण्णा सारखे डब्यांच्या मध्ये डोकावत होते.

“ती माणसे कुठे गेली रे?”

“आता हवेचे ब्रेक आहेत, अण्णा.”

ते गप्प झाले. मग मी हळूच म्हणालो, “त्या वेळी तुम्ही मला थांबवलेत, ते बरे केलेत.”

अण्णांना हल्ली कमी ऐकू येते. “काय म्हणालास?”

मला तेच ओरडून सांगावे लागले. सगळ्या डब्याने ऐकले. मुलानेही मान वळवली.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “पण हात दुखतात रे आवळणाऱ्याचे.”

तेवढ्यात बोगदा आला. मुलाने त्या दिवशी पहिल्यांदाच तोंड उघडले आणि विचारले, “आजोबा, याला असे नाव का?”

अण्णा आणि मी, दोघेही खिडकीबाहेर माकड शोधू लागलो.