ऊतीचा तुकडा आणि प्रसाराचा माग

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली होत असले, तरी त्याचा भरवसा त्याआधीच, बायोप्सी घेतली जाते त्या खोलीत ठरलेला असतो. शेगावसारख्या तालुक्याच्या गावी काढलेला ऊतीचा तुकडा अकोल्याला किंवा नागपूरला जायचा असेल, तर तो निघताक्षणी त्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये बुडवावा लागतो. कारण नुसत्या सलाइनमध्ये राहिलेल्या पेशी स्वतःच्याच विकरांनी विरू लागतात, आणि त्या विरलेल्या पेशींतून पुढचे कोणतेही यंत्र सत्य काढू शकत नाही.

सूक्ष्मदर्शक रोग कुठवर पोचला ते दाखवतो. तो पुढे कसा सरकतो, याचा माग मायक्रोआरएनए देऊ शकतात. सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचे हे आरएनए-तुकडे स्वतः प्रथिन घडवत नाहीत, तर प्रथिनाची आज्ञा वाहणाऱ्या संदेशवाही आरएनएला चिकटून ती आज्ञा दडपतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म गोलकृमीत त्यांचे कार्य उलगडले आणि त्यासाठी २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळवले.

या कर्करोगाच्या मुळाशी बहुतेक वेळा मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, असतो. त्याचे ई६ हे प्रथिन पेशीच्या पी५३ या रक्षक प्रथिनाचा नाश घडवते, त्यामुळे पी५३ च्या आधाराने तयार होणारा मिर-३४ए हा मायक्रोआरएनए घटतो आणि पेशींच्या वाढीवरचा एक लगाम सुटतो. याउलट मिर-२१ वाढतो आणि गाठीला आवर घालणारे पीडीसीडी४ हे प्रथिन दडपतो. पेशींना परस्परांशी जखडणारी ई-कॅडहेरिनची बांधणी सैल पडली, की त्या गर्भाशयमुखाभोवतीच्या ऊतीत आणि तिथून ओटीपोटातील लसीकाग्रंथींत शिरू शकतात.

आखूड असल्यामुळे हे आरएनए-तुकडे ऊती जतन केलेल्या मेणाच्या ब्लॉकमध्ये लांब आरएनएपेक्षा चांगले टिकतात, म्हणून जुन्या ब्लॉकमधूनही ते मोजता येतात. पण आकडा हाती आला म्हणजे अर्थ हाती आला असे नव्हे. मिर-१४३ आणि मिर-१४५ गाठीत घटलेले आढळतात खरे, परंतु ते स्नायू आणि संयोजी ऊतीत विपुल असतात. त्यामुळे तपासलेल्या कापात गाठीचा भाग जास्त आणि आधारऊती कमी असली, तरी आकडा खाली येतो. कापाचा कोणता भाग खरवडून तपासायचा, हे अनुभवी विकृतिशास्त्रज्ञाची नजर ठरवते, आणि या विद्येतील खरे कसब तिथेच आहे.

तरीही रोगाची अवस्था आजही शारीरिक तपासणी, प्रतिमा आणि लसीकाग्रंथी यांवरूनच ठरते, आणि प्रसार रोखण्याचा सिद्ध मार्ग त्याच्याही आधीचा, म्हणजे वेळीच चाचणी करण्याचा आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात सुरू झालेल्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रिया होत्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्हीची एकच चाचणी झालेल्या गटात पुढच्या अवस्थेचे रोग आणि मृत्यू, दोन्ही जवळपास निम्म्यावर आले. म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने लक्षणांची वाट न पाहता ही चाचणी करून घ्यावी, आणि बायोप्सी घेणाऱ्याने फॉर्मॅलिनची बाटली आधी भरून मगच चिमटा हाती घ्यावा.