समुद्रतळाची वहिवाट

मुंबईच्या नायगावातून समुद्र दिसत नाही. पूर्वेस शिवडीची खाडी आणि पश्चिमेस दादरची चौपाटी, दोन्ही पायी जाण्याजोग्या अंतरावर असूनही, बी.डी.डी. चाळींच्या लांबच लांब रांगांत राहणाऱ्या माणसाच्या संसारात समुद्र येतो तो बहुधा बाजाराच्या पिशवीतून, बोंबील-मांदेलीच्या रूपाने. आपण समुद्राकडे जात नसलो तरी आपले पाणी मात्र त्याच्याकडे अखंड जात असते. हिंदमाताच्या सखल भागात तुंबलेले पावसाचे पाणी भूमिगत मोऱ्यांतून आणि रे रोडच्या ब्रिटानिया उदंचन केंद्राच्या वाटेने पूर्वेच्या समुद्रास मिळते. आणि रस्त्यावर भिरकावलेली दुधाची पिशवी, गुटख्याची पुडी, बाटलीचे बूच ही सारी त्याच प्रवाहाबरोबर आपल्या नजरेआड होतात. नजरेआड झाले ते नाहीसे झाले, हा आपला समज. वस्तुतः त्या वस्तूने केवळ मुक्काम बदललेला असतो.

हा मुक्काम समुद्रतळाच्या चिखलात पडतो. पातळ प्लास्टिकवर शेवाळाचा आणि सूक्ष्म जीवांचा थर चढतो, गाळ बसतो, ते जड होऊन बुडते आणि चिखलावर पसरून त्याचा श्वासच अडवते. कारण त्या चिखलात राहणाऱ्या कृमींना आणि शिंपल्यांना लागणारा प्राणवायू वरच्या पाण्यातूनच झिरपत असतो. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना तोही खर्ची पडतो. प्लास्टिक मात्र कुजत नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे होत जातात, आणि जे जीव चिखल गाळून आपले पोट भरतात त्यांच्या पोटात ते शिरतात.

इतके असूनही हा समुद्र मेलेला नाही, हे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. येथील पाण्याचा गढूळपणा सर्वस्वी आपल्या पापाचा नव्हे. खाड्यांचा गाळ आणि भरती-ओहोटीचा जोर यांमुळे तो मूळचाच आहे, आणि बोंबील त्यातच वाढतो. परंतु गढूळ ते घाण आणि घाण ते निर्जीव, अशी समजूत एकदा रुजली की तेथे काहीही टाकावयास मन कचरत नाही. ही समजूत किती खोटी, हे एकदा अनुभवासही आले. 2013 साली गणेशविसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर उथळ पाण्यात उतरलेल्या अनेक भाविकांना पाकटांचे दंश झाले, तेव्हा शहर हबकले. पाकट हा वाळूत अंग पुरून स्वस्थ पडणारा मासा; पाय पडला म्हणजे शेपटीच्या काट्याने तो स्वसंरक्षण करतो. त्या दिवशी परक्याच्या घरात पाऊल पडले होते ते आपले.

अमावास्येच्या मोठ्या ओहोटीस हाजी अलीच्या खडकांवर वाकून पाहिले असता या वस्तीची खरी ओळख पटते. खडकाच्या एका खळग्यात, वेफर्सच्या चंदेरी वेष्टनाला अगदी लागून, एक समुद्रफूल आपले मांसल दल पसरून बसलेले मी पाहिले. सावली पडताच ते मिटले, थोड्या वेळाने सावकाश उमलले. शेजारच्या तुटक्या जाळ्याच्या दोऱ्यांतून शंख पाठीवर घेतलेला एक इवलासा खेकडा वाट काढीत होता. 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातील मंडळी अशा ओहोटीच्या फेऱ्यांत नागरिकांना हे जीवन दाखवीत आली आहेत. सागरी किनारा मार्गाच्या बांधकामापायी 2020 साली हाजी अली आणि वरळी येथील प्रवाळांच्या वसाहती अन्यत्र हलवाव्या लागल्या. म्हणजे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र लाभलेले जीव याच पाण्यात नांदत होते, हे सरकारी दप्तरातही नोंदले गेले. बुडालेल्या बाटलीच्या आडोशास एखादा जीव राहिला, तर तो त्याच्या चिवटपणाचा दाखला होय. आपल्या बेपर्वाईस मिळालेली ती माफी नव्हे.

या तळाची खबर सर्वांआधी कोळ्यांना लागते. डोल जाळे प्रवाहाच्या तोंडाशी बांधलेले असते. जे वाहत येईल ते सारे त्यात शिरते, आणि म्हावऱ्याबरोबर प्लास्टिकचा गुंता वर येतो. तो निवडण्यात वेळ जातो, जाळे फाटते, आणि निवडलेला कचरा ठेवण्याची तजवीज बंदरावर नसेल तर तो पुन्हा पाण्यातच जातो. केरळात 2017 साली कोल्लमजवळच्या शक्तिकुलंगरा बंदरात मच्छीमारांनी आणलेले प्लास्टिक स्वीकारून, धुऊन, बारीक करून ते रस्त्यांच्या कामी लावण्याची व्यवस्था झाली. तशी व्यवस्था वरळी, माहीम, ससून डॉक येथे व्हावी, आणि या कामाचा योग्य मोबदला कोळ्यांना मिळावा. कारण ते जे उपसतात ते आपले आहे.

मात्र उपसण्याची वेळ येण्यापूर्वीचे काम आपल्या दारातले आहे. महाराष्ट्राने 2018 साली प्लास्टिकबंदीचा कायदेशीर हुकूम काढला. त्याचा अंमल दुकानाच्या फळीवर आणि चाळीच्या जिन्याखाली होतो की नाही, हे आपणच पाहावयाचे. समुद्रतळावर त्या मुक्या जीवांची वहिवाट आपल्या गिरण्यांच्या, चाळींच्या आणि खुद्द या शहराच्याही कितीतरी आधीची आहे. त्यांना अर्ज करता येत नाही, तक्रार गुदरता येत नाही. म्हणून त्यांच्या हद्दीचा मान राखण्याची जबाबदारी गटाराच्या या तोंडाशी उभ्या असलेल्या आपणा नायगावकरांवर अधिकच येते.