खूणगाठ

लक्षात ठेवण्याजोगी एखादी गोष्ट असली, की जुन्या पिढीतील बायका पदराच्या टोकाला गाठ मारीत. कामाच्या रगाड्यात पदर हाती आला, की गाठ बोटांना लागे आणि राहिलेले काम आठवे. ‘मनाशी खूणगाठ बांधणे’ हा वाक्प्रचार अशाच सवयीची आठवण करून देतो. मात्र पदराला दोन-तीन गाठींपलीकडे जागा नसते. कामे वाढत गेली, तसे गाठीचे काम वाणसामानाच्या चिठ्ठीकडे आले, चिठ्ठीचे डायरीकडे, आणि आता डायरीचे भ्रमणध्वनीतील अ‍ॅपकडे आले आहे.

नोएडात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांच्या घरी यांतील बरेच काही एकाच वेळी नांदत होते. कार्यालयातील कामे डायरीत, किराणा फ्रिजवरच्या चिठ्ठीत, विजेचे बिल दिनदर्शिकेवर आणि उरलेले सारे डोक्यात. रोज मेट्रोने दिल्लीला जाताना ते मनातल्या मनात कामांची उजळणी करीत. एक आठवले, की दुसरे निसटे. त्यांच्या वृद्ध आई नागपूरहून त्यांच्याकडे राहायला आल्या होत्या. रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्याचे आईंनी सांगितले, मुलाने ते लिहूनही घेतले. पण ती चिठ्ठी धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात राहिली. रविवारी रात्री डबी उघडली, तर ती रिकामी! जानेवारीच्या दाट धुक्यात औषधाचे उघडे दुकान शोधत ते दीड तास फिरले. गोळ्या मिळाल्या, परंतु लिहिलेले असूनही ते वेळेवर डोळ्यांपुढे आले नाही, ही टोचणी मनात राहिली.

त्यांनी सगळी कामे एकाच अ‍ॅपमध्ये आणली. पहिल्याच दिवशी यादी साठाच्या वर गेली आणि ती पाहूनच जीव दडपला. असे का व्हावे, हे हळूहळू त्यांच्या ध्यानात आले. दोन निराळ्या जातींची कामे एकत्र झाली होती. आईंच्या निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला, गाडीची प्रदूषण तपासणी ही कामे ठरावीक तारखेला करून खोडून टाकायची. गोळ्यांची मोजदाद, गावी निघतानाचे सामान यांच्या याद्या मात्र एकदा नीट करून ठेवायच्या आणि दर वेळी नव्याने पडताळायच्या. त्यांनी अ‍ॅप एकच ठेवले, पण त्यात दोन कप्पे केले. पहिल्यातील प्रत्येक कामाला तारीख दिली. दुसऱ्यातील प्रत्येक यादी चार-पाच ओळींची केली. आता सकाळी केवळ त्या दिवसाचीच कामे समोर येऊ लागली.

अशा याद्या विसराळू माणसासाठीच असतात, असा एक समज आहे. तो खोटा ठरवणारा एक प्रयोग दिल्लीतही झाला आहे. डॉ. अतुल गवांदे हे अमेरिकेतील नामवंत शल्यचिकित्सक. त्यांच्या वडिलांचे गाव यवतमाळ जिल्ह्यातील उटी. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या नेतृत्वाखाली शस्त्रक्रियेच्या वेळी पडताळण्याची १९ बाबींची यादी तयार झाली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वी, असे तीन वेळा क्षणभर थांबून ती वाचायची. २००७-०८ मध्ये जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत तिची परीक्षा झाली. त्यांत दिल्लीचे सेंट स्टीफन्स रुग्णालयही होते. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर, तर मोठ्या गुंतागुंतींचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले होते. त्या डॉक्टरांना विद्या येत नव्हती, असे नव्हे. घाईच्या वेळी जाणत्या माणसाचीही एखादी साधी गोष्ट राहून जाते, एवढाच याचा अर्थ.

नोएडातील त्या घरी काही महिने सारे सुरळीत चालले. एका रविवारी मात्र क्रिकेटचा सामना पाहता पाहता त्या गृहस्थांनी ‘गोळ्या मोजणे’ या ओळीपुढे खूण करून टाकली. शेजारी बसलेल्या आईंनी ते पाहिले.

“खूण केलीस, ते बरे झाले,” त्या म्हणाल्या, “पण अरे, गोळ्या मोजल्यास का?”

ते ओशाळून उठले. डबी उघडली, तर तीनच दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या.

आईंच्या त्या साध्या प्रश्नात यादीचे सारे मर्म होते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताचा अनुभवही हेच सुचवतो. तेथील १०१ रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या अशा याद्या सुरू झाल्या. पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यू वा गुंतागुंती यांत लक्षणीय घट आढळली नाही. वरून आलेला नियम म्हणून केलेली खूण आणि स्वतः थांबून, पाहून केलेली खूण कागदावर सारखीच दिसते. फरक असतो तो खूण करणाऱ्याच्या मनात.

शिवाय अ‍ॅप तरी कायमचे कोठे असते? ‘वंडरलिस्ट’ हे याद्यांचे लोकप्रिय अ‍ॅप २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतले आणि मे २०२० मध्ये ते बंद झाले. म्हणून त्या गृहस्थांनी औषधांची यादी ठळक अक्षरांत कागदावर लिहून स्वयंपाकघरातही लावली. आता दर रविवारी आई गोळ्या मोजतात, मुलगा आकडा पडताळतो आणि मगच खूण होते. त्या निमित्ताने मायलेकांच्या दहा मिनिटे गप्पाही होतात. त्या गप्पा मात्र कोणत्याही यादीत लिहिलेल्या नाहीत.