छेदस्थानचा आकडा

साथरोगशास्त्राला पुस्तक कुठलं घेऊ, असं विचारणाऱ्याला बहुधा परीक्षेत काय येतं, एवढंच हवं असतं. त्याचं आपल्याकडचं उत्तर ठरलेलं: पार्क. जबलपूरच्या भनोत प्रकाशनाचा हा ठोकळा उशाशी घेऊन एमबीबीएसच्या कित्येक तुकड्या पार पडल्या. डासांच्या जातींपासून सरकारी योजनांपर्यंत सगळं त्यात आहे. उत्तरं मात्र इतकी दाटीवाटीनं बसलीत, की प्रश्नाला पाय टेकायला जागा नाही.

पुस्तक पारखताना मी आधी छेद बघतो. इतके दगावले, हा झाला अंश. पण कितीजणांपैकी? आणि ते कुणी, कसं मोजलं?

लंडनच्या डॉक्टर जॉन स्नोनं मोजलं होतं. कॉलऱ्याच्या साथीत ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. मला त्याच वर्षीची, १८५४ची, दक्षिण लंडनची हकिकत जास्त मोलाची वाटते. तिथं एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ शेजारी शेजारी. लँबेथ कंपनी १८५२पासून थेम्सचं पाणी शहराच्या वरच्या अंगाला घेत होती. साउथवर्क अँड वॉक्सहॉल मात्र शहराची घाण मिसळलेलं उपसत होती. कॉलऱ्यानं माणूस गेलेल्या घरी स्नो पाणी कुणाचं म्हणून विचारी. घरच्यांना ठाऊक नसलं, तर पाण्यातल्या मिठाच्या प्रमाणावरून कंपनी ओळखी. छेद मिळाला सरकारी नोंदीतून. पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्कच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, लँबेथच्या २६,१०७ घरांत ९८. म्हणजे दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७. कॉलऱ्याचा जंतू तेव्हा वैद्यकाला मान्यही नव्हता!

हे ज्या पुस्तकात आहे, त्याच्या १८५५च्या आवृत्तीवर स्नोनं पदरचे दोनशेहून जास्त पौंड घातले. तितके शिलिंगही परत आले नाहीत. १९३६ साली ते अमेरिकेत पुन्हा छापलं गेलं, प्रस्तावना जॉन्स हॉपकिन्सच्या वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट यांची. न खपलेलं पुस्तक असं अभ्यासक्रमात आलं.

त्याच विद्यापीठातल्या लिऑन गॉर्डिस यांचं पुस्तक मी नवख्याच्या हाती आधी देईन. चित्रं भरपूर, अधूनमधून व्यंगचित्रंही, आणि छेद बदलला की निष्कर्ष कसा फिरतो हे ते सावकाश दाखवतं. केनेथ रॉथमन यांचं ‘मॉडर्न एपिडेमिऑलॉजी’ दमाचं आहे. १९८६पासून दर आवृत्तीत अंगानं वाढत गेलंय. पी-व्हॅल्यूवर भिस्त ठेवणाऱ्यांशी रॉथमन यांचं जुनं वाकडं. संख्याशास्त्राशी ओळख नसताना ते उघडलं, तर भांडण ऐकू येतं, पण कशावरून ते कळत नाही.

आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तर? गॉर्डिसची खुशाल घ्यावी. पार्कची नको, लसीकरणाचं वेळापत्रक आणि योजनांची नावं तोवर बदललेली असतात, आणि तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारतात.