जोर आणि सातत्य

आम्ही मूळचे इंदूरचे, नोकरीनिमित्त अमेरिकेत. इथे आमचा दहा वर्षांचा मुलगा बेसबॉल खेळतो. चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला, हे रडारवर लगेच दिसतं. मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर 2015 पासून हा वेग मोजतात. तिथे ताशी 95 मैल म्हणजे जोरदार फटका. मग मुलांमध्येही चढाओढ लागते, तुझा किती, माझा किती! "बाबा, माझ्या हातात जोरच नाही का?" असं त्यानं विचारलं, तेव्हा मी वही काढली.

दर शनिवारी स्टँडवर चेंडू ठेवून दहा फटके. सर्वांत मोठा आकडा लिहायचा नाही. लिहायचा मधला आकडा आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी यांतलं अंतर. तीन महिन्यांत मधला आकडा 44 वरून 46 झाला, जेमतेम दोनच मैल. अंतर मात्र 19 वरून 8 वर आलं. म्हणजे चेंडू आता बॅटच्या योग्य जागी बसतोय.

उंची-वजन वाढलं की जोर आपोआप वाढेल. फटक्याची सवय मात्र आत्ताच लागते. हल्ली तो वहीत आधी अंतराचा रकाना बघतो. जोराबद्दल पुन्हा विचारलेलं नाही.