जुन्या राउटरला चार नवे पोर्ट

सिस्कोचा १८४१ हा राउटर २००४ साली बाजारात आला, तेव्हा त्यावर इथरनेटचे दोनच पोर्ट होते. एकात इंटरनेटची लाइन आणि दुसऱ्यात कार्यालयाचा स्विच जोडला की छोट्या कार्यालयाचे काम भागत असे. बारामती एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात हाच राउटर वापरात राहिला, परंतु पुढे हजेरीचे बायोमेट्रिक यंत्र, वजनकाट्याचा संगणक आणि गेटवरचे कॅमेरे आले आणि त्यांना हिशेबाच्या संगणकांपासून वेगळे ठेवणे भाग पडले. साधा स्विच लावल्याने जोडण्या वाढतात, मात्र सगळी यंत्रे एकाच जाळ्यात राहून कॅमेऱ्यातून शिरलेला उपद्रव थेट हिशेबापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून पोर्ट किती हवेत याआधी ते कोणत्या कामाचे हवेत हे संगणक विभागाने ठरवले, आणि सगळ्या खटाटोपात तेच सर्वांत मोलाचे ठरले.

राउटरच्या मागच्या बाजूस जोडकार्डांसाठी दोन स्लॉट असतात. त्यांपैकी एकात चार पोर्टचे स्विचकार्ड बसवण्यात आले. हे कार्ड चालू राउटरमध्ये बसवता येत नाही, वीज बंदच करावी लागते, त्यामुळे कामासाठी साप्ताहिक सुट्टीचा दिवस निवडला गेला.

राउटर पुन्हा सुरू झाल्यावर नवे पोर्ट दिसले, तरी त्यांना मूळ पोर्टप्रमाणे थेट आयपी पत्ता देता येत नव्हता, कारण ते स्विचचे पोर्ट असतात. त्यासाठी आधी व्हीलॅन, म्हणजे एकाच यंत्रात कल्पिलेली स्वतंत्र जाळी, तयार करून प्रत्येक पोर्ट आपापल्या व्हीलॅनमध्ये टाकावा लागतो आणि पत्ता त्या व्हीलॅनला द्यावा लागतो. व्हीलॅनची यादी मुख्य मांडणीत न राहता फ्लॅश स्मृतीतील वेगळ्या फाइलमध्ये साठते. केवळ मांडणीची प्रत जपून ठेवणाऱ्याला राउटर बदलताना ती सापडत नाही, म्हणून येथे दोन्हींच्या प्रती काढण्यात आल्या.

एकाच व्हीलॅनमधील वाहतूक कार्ड स्वतः हाताळते, पण एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जाणारी प्रत्येक गोष्ट राउटरच्या प्रोसेसरमधून जाते. लहान आकाराचे पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, असतील तर १८४१ सेकंदाला सुमारे ७५,००० पॅकेट पुढे पाठवू शकतो आणि त्या मानाने वेग ४० मेगाबिटच्या आतच राहतो. हे ध्यानात घेऊन कॅमेरे आणि त्यांचे रेकॉर्डर एकाच व्हीलॅनमध्ये ठेवले गेले. हजेरीच्या नोंदींचा भार नगण्य असल्याने त्या मात्र निर्धास्तपणे राउटरमधून कार्यालयाकडे जाऊ दिल्या.

या राउटरला कंपनीचा आधार २०१६ साली संपला असून त्यातील सुरक्षेच्या नव्या त्रुटींची दुरुस्ती आता मिळत नाही. असे यंत्र इंटरनेटच्या तोंडाशी ठेवणे समर्थनीय नाही, म्हणून बाहेरची लाइन नव्या फायरवॉलवर घेतली गेली आणि १८४१ कडे कारखान्यातील जाळ्यांमधली वाहतूक तेवढी उरली.